कुत्र्यासाठी ट्रेनिंग कॉलर: निवड, माप आणि सुरक्षित वापर

ट्रेनिंग कॉलर घ्यायला निघालेल्या माणसाची तक्रार बहुधा तीनपैकी एक असते: फिरायला नेलं की ओढतो, मोकळा सोडला की हाकेला येत नाही, किंवा सारखा भुंकतो. ओढण्यावर उपाय म्हणजे योग्य हार्नेस (गळ्याऐवजी छाती आणि अंगाभोवती बसणारे पट्टे) आणि लीशवर, म्हणजे हातात धरायच्या पट्ट्यावर, चालण्याचा सराव. हाकेला न येण्यावर लांब दोरी आणि खाऊ, आणि काही कुत्र्यांसाठी व्हायब्रेशनची कॉलर. भुंकण्यावर मात्र कॉलर हा सहसा उपायच नसतो. तक्रार कोणती ते आधी ठरवा, म्हणजे दुकानातल्या निम्म्याहून जास्त वस्तू आपोआप बाद होतात.

कोणतीही कॉलर कुत्र्याला काही शिकवत नाही. ती फक्त खूण पोहोचवते. त्या खुणेचा अर्थ कुत्र्याला आधीच ठाऊक असेल तरच ती उपयोगाची, नाहीतर कुत्र्याच्या दृष्टीने गळ्याला विनाकारण काहीतरी झालं एवढंच. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीवरून निघतात.

आधी मान तपासा

नवी कॉलर घालण्यापूर्वी कुत्र्याला एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्या, विशेषतः पुढीलपैकी काही असेल तर. लहान जातींत (पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ) श्वासनलिकेच्या कूर्चा कमकुवत असू शकतात. ओढल्यावर कर्कश, कोरडा, बदकाच्या आवाजासारखा खोकला येणं ही त्याची खूण. अशा कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लीश कधीच लावायची नाही, हार्नेसच वापरायचा. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा श्वास मुळातच अडखळतो आणि त्यांचे डोळेही उथळ खोबणीत असतात. कुत्रा कॉलरला ताण देऊन ओढतो तेव्हा डोळ्यातला दाब वाढतो आणि हार्नेसला ओढताना तसा वाढत नाही, हे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजून दाखवलं आहे. काचबिंदू किंवा बुबुळाला इजा असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

मानेचं दुखणं, मणक्याचा त्रास, फिट येणं, हृदयविकार, गाभण असणं, यांपैकी काहीही असेल तर विजेच्या कॉलरचा (रिमोटने बीप, व्हायब्रेशन किंवा झटका देणारी) विचारच करू नका. आणि एरवी शहाणा असलेला कुत्रा अचानक ऐकेनासा झाला असेल तर आधी त्याचे कान आणि सांधे तपासून घ्या. म्हातारपणी ऐकू कमी येऊ लागलेल्या कित्येक कुत्र्यांवर हट्टीपणाचा शिक्का बसतो.

माप घेणं

शिंप्याकडे असते तशी मऊ टेप घ्या. कुत्रा उभा असताना, कॉलर जिथे बसणार तिथे, म्हणजे मानेच्या मध्यभागी, टेप केसांवरून गुंडाळा. दाबू नका. त्या मापात 2 ते 3 सेंटिमीटर मिळवा आणि ज्या कॉलरच्या मापाच्या मध्यावर हा आकडा येतो ती निवडा. अगदी शेवटच्या भोकावर बसणारी घेतली तर पुढे ढिली किंवा घट्ट करायला जागा उरत नाही. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजा.

कॉलर घातल्यावर पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. अगदी लहान कुत्र्याला एक बोट पुरे. बोटं कुठे घालता यालाही महत्त्व आहे. गळ्याखाली पट्टा नेहमी सैल भासतो, म्हणून बाजूने आणि मागूनही पाहा. दाट केसांच्या कुत्र्यात केस बाजूला करून बोटं कातडीपर्यंत न्या, नाहीतर केसांची जाडी हीच ढिलाई वाटते.

रुंदीचा साधा हिशेब असा: छोट्या कुत्र्याला 1 ते 1.5 सेंटिमीटर, मध्यम कुत्र्याला 2 ते 2.5, मोठ्याला 2.5 ते 4. पट्टा जितका अरुंद तितका तोच जोर कमी जागेवर पडतो. म्हणून जोराने ओढणाऱ्या कुत्र्याला बारीक दोरीसारखी कॉलर हा सगळ्यात वाईट पर्याय. रुंद पट्टा मात्र जबड्याखाली टोचत नाही ना ते बघा.

पिल्लाची मान भराभर वाढते. सहा महिन्यांपर्यंत दर आठवड्याला दोन बोटांची तपासणी करा. वाढत्या पिल्लाच्या गळ्यात विसरलेला पट्टा कातडीत रुततो, आणि वरून केस असल्याने वास येईपर्यंत कळत नाही.

शेवटची चाचणी घरातच करायची. कुत्र्यासमोर उभे राहा, लीश आपल्याकडे हलकेच ताणून धरा आणि त्याला खाऊ दाखवून मागे सरकू द्या. कॉलर कानांवरून निसटली तर ती रस्त्यावरही निसटणार.

वीज नसलेले प्रकार

*साधी सपाट कॉलर* प्रत्येक कुत्र्याला हवी, ती नावाच्या बिल्ल्यासाठी आणि शांत चालणाऱ्या कुत्र्याच्या लीशसाठी. प्लॅस्टिकचं खटक्याचं बक्कल एका हाताने उघडतं, ताण असतानाही बहुधा उघडतं. धातूचं बक्कल मजबूत, पण ताणाखाली उघडणं अवघड. घरात आणि खेळताना पहिलं बरं, दणकट कुत्र्याला रहदारीत दुसरं.

*मार्टिंगेल* ही दोन फासांची कॉलर. मोठा फास मानेभोवती, लहान फास लीशला. ओढ बसली की मोठा फास ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. ग्रेहाउंड, व्हिपेट यांच्यासारख्या, डोक्यापेक्षा मान जाड असलेल्या कुत्र्यांसाठी ती मुळात बनली. बसवताना लोक चुकतात ते असं: ती पूर्ण ताणून बघा, लहान फासाच्या दोन कड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर उरलंच पाहिजे. कड्या एकमेकींना भिडत असतील तर कॉलर फार सैल आहे आणि डोक्यावरून निघेल. अंतर याहून बरंच जास्त असेल तर ती गळा आवळणार. घरात एकटं सोडताना ही काढून ठेवायची.

*पुढे कडी असलेला हार्नेस* खरं तर कॉलर नाही, पण ओढणाऱ्या कुत्र्यासाठी नवख्या माणसाने सर्वांत आधी हाच घ्यावा. लीश छातीवरच्या कडीला लागते, त्यामुळे कुत्रा पुढे ओढला की त्याचं अंग बाजूला वळतं आणि ओढण्याचा फायदा संपतो. पुढून पाहिलं तर पट्ट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा हवा आणि त्याचा मध्य छातीच्या हाडावर यायला हवा. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याची हालचाल अडवतो, तो टाळा. पोटाचा पट्टा पुढच्या पायाच्या बगलेपासून दोन-तीन बोटं मागे असावा. पहिले काही दिवस फिरून आल्यावर बगलेत लालसरपणा पाहा.

*हेड कॉलर* म्हणजे नाकावरून आणि कानांमागून जाणारे दोन पट्टे. कुत्र्याचं डोकं वळलं की अंग वळतं, म्हणून किरकोळ माणसालाही मोठा कुत्रा सांभाळता येतो. त्याच्या बदल्यात सवय लावायला एक ते दोन आठवडे द्यावे लागतात. पहिले तीन-चार दिवस नाकाच्या फासातून फक्त खाऊ द्यायचा, कुत्रा स्वतः नाक घालतो इथपर्यंत. मग काही सेकंद बक्कल लावायचं, मग एक मिनिट, मग घरात फिरवायचं, आणि त्यानंतरच बाहेर. बरेच लोक पहिल्याच दिवशी घालून बाहेर नेतात. कुत्रा पंजांनी नाक ओरबाडतो आणि ही वस्तू कायमची कपाटात जाते. नाकाचा पट्टा इतका सैल हवा की कुत्र्याला तोंड उघडून धापता येईल. हेड कॉलरला झटका कधीच द्यायचा नाही आणि लांब दोरीही लावायची नाही. वेगात धावणाऱ्या कुत्र्याचं डोकं एकदम वळलं तर मानेला इजा होते. नाकावरून निसटली तरी कुत्रा हातचा जाऊ नये म्हणून हेड कॉलरपासून साध्या कॉलरपर्यंत एक छोटा जोडपट्टा ठेवा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ती बसतच नाही.

*चोक चेन आणि काटेरी कॉलर* यांचा थोडक्यात निकाल. चोक चेनला आवळण्याची मर्यादा नसते, आणि ती उलटी घातली तर ओढ सोडल्यावरही सैल होत नाही. काटेरी कॉलर वेदनेवर चालते. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे धावला आणि त्याच क्षणी गळ्याला टोचलं, की त्याच्या हिशेबी दुसरा कुत्रा दिसणं म्हणजे दुखणं. काही दिवसांनी तो नुसतं पाहूनच गुरगुरू लागतो. नवख्या माणसाच्या हातात या दोन्ही वस्तू नकोत.

विजेची कॉलर कशी चालते

हातात रिमोट, कुत्र्याच्या गळ्यात रिसीव्हर. रिसीव्हरच्या आतल्या बाजूला धातूचे दोन खुंट असतात, त्यांना काँटॅक्ट पॉइंट म्हणतात. साधारणपणे तीन खुणा मिळतात: आवाज म्हणजे बीप, व्हायब्रेशन, आणि सौम्य ते तीव्र असा झटका. झटक्याचा प्रवाह दोन खुंटांमधल्या कातडीतून जातो. ओले केस, खुंटांचा दाब, केसांची दाटी यांवर एकाच पातळीचा अनुभव बदलतो.

इथे नेहमी घडणारा अपघात लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॉलर सैल असते, खुंट कातडीला नीट टेकत नाहीत, कुत्र्याला काही जाणवत नाही. माणूस पातळी वाढवत जातो. मग कुत्रा मान वळवतो, खुंट टेकतात, आणि वाढवलेला पूर्ण झटका एकदम बसतो. कुत्रा किंचाळतो. त्या क्षणी तो ज्याच्याकडे पाहत होता, मग ते मूल असो, सायकल असो की घराचं दार, त्याची भीती मनात बसते.

आमचं मत स्पष्ट आहे: नवख्याने झटक्याचं बटण वापरू नये. रिमोटवर ते बटण बंद किंवा लॉक करता येत असेल तर पहिल्याच दिवशी करावं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाकेला न येणाऱ्या कुत्र्यांवर अशा कॉलरचा आणि बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीचा वापर ताडून पाहिला गेला. कॉलरचा परिणाम सरस ठरला नाही, उलट त्या कुत्र्यांत ताणाची चिन्हं दिसली. वेल्समध्ये 2010 पासून झटक्याच्या कॉलरवर बंदी आहे, जर्मनीतही ती वापरता येत नाही. आपण राहतो तिथला नियम खरेदीआधी पाहून घ्या.

सहा महिन्यांखालच्या पिल्लाला, भित्र्या कुत्र्याला आणि चावणाऱ्या कुत्र्याला अशी कॉलर कोणत्याही पातळीवर लावायची नाही. भीतीत किंवा रागात वेदनेची भर घातली की चावा लवकर येतो, तोही गुरगुरण्याची सूचना न देता.

रिसीव्हर बसवणं आणि कातडीची काळजी

केवळ व्हायब्रेशनसाठी वापरणार असाल तर धातूचे खुंट काढून त्या जागी रबरी टोप्या लावता येतात का ते बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये येतात, आणि कातडीचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. खुंट ठेवायचेच असतील तर केसांच्या लांबीनुसार निवडा: आखूड केसांना आखूड, दाट केसांना लांब. पट्टा आवळून लांब खुंटाचं काम आखूड खुंटाकडून करून घ्यायचं नाही.

रिसीव्हर मानेच्या वरच्या भागात, श्वासनलिकेच्या थेट समोर नव्हे तर किंचित बाजूला बसवा. ही कॉलर साध्या कॉलरपेक्षा थोडी घट्ट बसते: पट्ट्याखाली एक बोट ओढून-ताणून नव्हे तर सहज गेलं पाहिजे. मान हलवली की रिसीव्हर गळ्याभोवती फिरत असेल तर ती सैल आहे. कुत्रा खोकला किंवा घोट गिळताना अडखळला तर घट्ट आहे.

या कॉलरला लीश लावायची नाही. लीशच्या ओढीने खुंट कातडीत घुसतात. लीशसाठी हार्नेस वेगळा.

दर एक-दोन तासांनी रिसीव्हरची जागा थोडी सरकवा. दिवसभरात एकूण 8 तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नका, रात्री तर नाहीच. कॉलर काढल्यावर केस बाजूला करून त्या जागेकडे प्रकाशात पाहा. दोन गोल लालसर ठिपके दिसले की थांबायचं. लोकांना वाटतं की विजेने भाजलं. बहुतेक वेळा ते भाजणं नसतं. सतत दाबाने तिथला रक्तपुरवठा तुटतो, त्यात ओल आणि मळ साचतो, आणि कातडी मरते. बटण एकदाही न दाबता अशी जखम होऊ शकते. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत कॉलर नको, आणि पाणी सुटलं, वास आला किंवा भोक पडल्यासारखं दिसलं तर डॉक्टरकडे जायचं. आठवड्यातून एकदा खुंट आणि पट्टा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

व्हायब्रेशनने हाक मारायला शिकवणं

ऐकू न येणाऱ्या कुत्र्यासाठी ही पद्धत फार उपयोगी आहे, आणि ऐकू येणाऱ्यांनाही चालते. व्हायब्रेशनचा अर्थ एकच ठेवायचा: माझ्याकडे बघ, इकडे खाऊ आहे. शिक्षा म्हणून तेच बटण एकदा जरी दाबलं तरी हा अर्थ गढूळ होतो.

1. पाच ते सात दिवस कॉलर बंद ठेवून घाला. पहिल्या दिवशी 10 मिनिटं, पुढे तासभर. घालताना जेवण किंवा खेळ. ही पायरी गाळली तर कुत्रा कॉलर गळ्यात असतानाच ऐकतो आणि काढली की नाही, असा हिशोब शिकतो.

2. रिसीव्हर हातात धरून सर्वांत हलकं व्हायब्रेशन आधी स्वतःच्या मनगटावर अनुभवा. मग कुत्र्यापासून मीटरभर दूर धरून एक सेकंद वाजवा, लगेच खाऊ द्या. घाबरून मागे हटला तर अंतर वाढवा.

3. आता कॉलर गळ्यात. शांत खोली, कुत्रा अगदी जवळ. एक सेकंद व्हायब्रेशन, ते थांबताच खाऊ. क्रम असाच हवा. आधी हात खिशात गेला आणि मग व्हायब्रेशन आलं तर कुत्रा हात बघायला शिकतो. एका वेळी 10 ते 12 वेळा, दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस.

4. व्हायब्रेशन होताच तो आपणहून तुमच्याकडे पाहू लागला की खाऊ देण्याआधी त्या पाहण्याची वाट बघा. मग दोन पावलं मागे जा, म्हणजे तो चालत येईल.

5. अंतर 2 मीटर, 5 मीटर असं वाढवा, मग बाहेर. बाहेर हार्नेसला 5 ते 10 मीटरची दोरी असलीच पाहिजे. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात. दहापैकी आठ वेळा आला तर पुढची पायरी, सहापेक्षा कमी वेळा आला तर एक पायरी मागे.

6. न आल्यास बटण पुन्हा पुन्हा दाबायचं नाही. जवळ जा, दोरी हळूच आवरा, सोप्या ठिकाणी परत सराव करा. सारखं दाबलं तर कुत्रा व्हायब्रेशनकडे लक्षच देईनासा होतो.

7. बोलावून आणलं की दर वेळी लीश लावून घरी नेऊ नका. दहापैकी आठ-नऊ वेळा खाऊ देऊन परत खेळायला सोडा.

काही कुत्र्यांना व्हायब्रेशन झटक्याइतकंच भयंकर वाटतं. कान हलला, मान वळली, इथपर्यंत ठीक. शेपूट पोटाशी, जीभ सारखी नाकावर, जागीच थिजणं, आवडता खाऊ नाकारणं, यांपैकी काही दिसलं तर ही कॉलर त्या कुत्र्यासाठी नाही. बीपवर हाच क्रम करून बघा.

भुंकण्याच्या कॉलर

स्वयंचलित कॉलर मायक्रोफोनने किंवा घशाच्या कंपनाने भुंकणं ओळखते. नुसत्या मायक्रोफोनवर चालणारी असेल तर शेजारचा कुत्रा भुंकला तरी तुमच्याला शिक्षा होते. भुंकल्यावर सिट्रोनेला या उग्र वासाच्या तेलाचा फवारा मारणारी कॉलर असेल तर तो वास भुंकणं थांबल्यावरही नाकाशी रेंगाळतो, म्हणजे गप्प बसल्यावरही शिक्षा चालूच. एकटं राहायच्या भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याची भीती यांनी कमी होत नाही. भुंकणं थांबून दार कुरतडणं किंवा स्वतःचा पाय चाटत राहणं सुरू होतं. पैसे इथे घालवू नका.

काढायचं कधी, आणि अडकल्यास काय

पिंजऱ्यात ठेवताना, दुसऱ्या कुत्र्याशी दंगामस्ती करताना आणि एकटं सोडताना कॉलर काढा, किंवा ताण बसला की आपोआप सुटणारी ब्रेकअवे कॉलर घाला. खेळताना एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्याखाली अडकतो, तो घाबरून गोल फिरतो, पट्टा पिळला जातो आणि ज्याचा पट्टा आहे त्या कुत्र्याचा श्वास कोंडतो. अशा वेळी दोघांना ओढून वेगळं करू नका, ओढीने फास घट्ट होतो. दोघांना एकमेकांकडे ढकला, पीळ उलट्या दिशेने सोडवा, बक्कल उघडा. दुसरं माणूस असेल तर त्याने दुसऱ्या कुत्र्याचं मागचं अंग घट्ट धरावं. बक्कल उघडत नसेल तर पट्टा कापा. त्यासाठी बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री फिरायच्या पिशवीत असू द्या. घाबरलेला कुत्रा मालकालाही चावतो, तेव्हा हात तोंडाजवळ नेऊ नका.

विजेची कॉलर कुत्र्याच्या गळ्यात असताना चार्ज करायची नाही. चार्जिंगची जागा ओली असेल तर आधी पुसून वाळवा. रिसीव्हरचं कवच फुगलेलं दिसलं तर आतली लिथियम बॅटरी बिघडली आहे, वापर तिथेच बंद. कंपनीने छापलेला पल्ला मोकळ्या मैदानावरचा असतो. झाडी, भिंती, उंचसखल जमीन, एवढंच काय कुत्र्याचं स्वतःचं अंग मध्ये आलं तरी तो घटतो, म्हणून छापील आकड्याच्या भरवशावर दोरी सोडू नका.

साध्या कॉलरची तपासणी महिन्यातून एकदा: शिवण उसवली आहे का, कडीचा सांधा उघडला आहे का, बक्कलवर केसाएवढी तडा आहे का. बक्कल लावून दोन्ही हातांनी जोरात ताणा आणि लीशची हुकाची स्प्रिंग दहा-वीस वेळा दाबून बघा. एकदाही अर्धवट उघडी राहिली तर नवी लीश आणेपर्यंत कुत्र्याला घराबाहेर नेताना दुसरी लीश वापरा.